वाचकांचे प्रश्न : तराजूतली धूळ

आधी एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी निनवेच्या, म्हणजे अश्शूर साम्राज्याच्या राजधानीच्या, पाडावाचं साल इ.स.पू. 606 लिहिलं. ते 612 हवं. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात 606 आहे आणि मी ते पडताळून न बघता उतरवलं. एका वाचकाने पोस्टकार्डावर "मापवाले साहेब, 612" एवढंच लिहून पाठवलं. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासली, त्याच्याच मापात सहा वर्षांची खोट निघावी! त्या वाचकाचे आभार, आणि पोस्टकार्ड मी जपून ठेवलं आहे.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी नागपुरात वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. इतवारी, कळमना, कॉटन मार्केट हा माझा फिरतीचा भाग. वडील त्याच इतवारीत एका अडत्याकडे मापारी होते. आता रविवारी सदरमध्ये मंडळीचा, म्हणजे चर्चचा, शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो. सध्या बायबलमधलं दानीएलाचं पुस्तक चालू आहे, म्हणून या खेपेची पत्रंही बहुतेक त्याच वाटेने आलेली आहेत.

प्रश्न : माझे सासरे मोबाइलवर एका उपदेशकाचे व्हिडिओ बघतात. दानीएलातल्या पुतळ्याच्या पायाची दहा बोटं म्हणजे आजचे दहा देश, आणि शेवट आता चार-पाच वर्षांवर आला, असा तक्ता त्यात दाखवतात. नातवाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली एफडी मोडून सेवाकार्याला देऊन टाकू, असं सासरे म्हणतात. पोरगं शिकून करणार काय, शेवटच आलाय तर! घरात रोज वाद होतो. मी काय बोलू?
— एक सून, जरीपटका

उत्तर : ताई, वाद थांबवा आणि त्यांना दुसरा अध्याय मोठ्याने वाचायला लावा. बोटं 'दहा' असं कुठं लिहिलंय ते दाखवा म्हणा. सापडायचं नाही. पावलं आणि बोटं काही लोखंडाची, काही मातीची, इतकंच तिथं आहे. दहा हा आकडा सातव्या अध्यायातला, चौथ्या श्वापदाच्या शिंगांचा. आता पुतळा माणसाचा म्हटल्यावर बोटं दहा असणारच. पण मग कानही दोन असणार, आणि कानांचा तक्ता काढलेला मी तरी अजून पाहिला नाही.

स्वप्न तुम्हाला माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याने एक प्रचंड पुतळा पाहिला. मस्तक सोन्याचं, छाती आणि हात रुप्याचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, आणि पावलं अर्धी लोखंड, अर्धी माती. मग कुणाचा हात न लागता एक धोंडा सुटला आणि पावलांवर आदळला. दानीएल राजाला तोंडावर सांगतो की सोन्याचं मस्तक तूच, पण हे राज्य तुला स्वर्गातल्या देवाने दिलेलं आहे, आणि तुझ्यामागून दुसरं येणार आहे.

पाळकसाहेब हा पाठ घेतात तेव्हा धातू खाली खाली स्वस्त होत जातात, असं सांगतात. बरोबर आहे. पण मी तो खात्याच्या नजरेने वाचतो आणि मला त्यात भावापेक्षा वजनाची गोष्ट जास्त दिसते. पाण्याच्या हिशेबाने सोनं एकोणीस पट जड, रुपं साडेदहा पट, पितळ साडेआठच्या आसपास, लोखंड आठाच्याही आत, आणि भाजलेली माती जेमतेम दोन पट. म्हणजे हा पुतळा जितका वर तितका जड आणि जितका खाली तितका हलका. कळमन्यातल्या कोणत्याही हमालाला विचारा, अशी थप्पी तो लावून देणार नाही. "पडते ना बाप्पा!" म्हणेल. राजाला मात्र तो पुतळा झगझगीत आणि भयंकर दिसला. धोंडा डोक्यावर बसला नाही, छातीवर बसला नाही. जिथं सगळा भार येऊन टेकला होता आणि जिथं सगळ्यात कच्चं होतं, तिथं बसला.

पुढचं पस्तिसावं वचन तर मला फारच आवडतं. लोखंड, माती, पितळ, रुपं आणि सोनं, सगळं एकदम चूर होतं आणि उन्हाळ्यातल्या खळ्यावरच्या भुसासारखं उडून जातं. खळं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. उफणणीच्या वेळी दाणा पायाशी पडतो आणि भूस वाऱ्यावर जातं. एकोणीस पट जड असलेलं सोनंसुद्धा त्या भुसात गेलं! शेवटी त्याचा ठिकाणा लागला नाही, असं लिहिलं आहे.

आता ही चार राज्यं कोणती? जुन्या मंडळीत बहुतेकांनी बाबेल, मेद-पारस (म्हणजे इराण), ग्रीस आणि रोम असं मोजलं. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाचा ख्रिस्ती धर्माचा विरोधक होऊन गेला. दानीएलाचं पुस्तक अंत्युखस एपिफनेस या ग्रीक राजाच्या छळाच्या काळातलं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने पुढे दानीएलावर भाष्य लिहिताना त्याला उत्तरं दिली. आजचे पुष्कळ अभ्यासक त्या पुस्तकाला आताचं रूप इ.स.पू. 165 च्या सुमारास आलं असं धरतात आणि चौथं राज्य ग्रीकांचं मानतात. मला रोम शिकवलं गेलं आणि मी वर्गात रोमच शिकवतो, दुसरं मत मात्र लपवत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या तक्त्याला यातलं कुठलंच मत उपयोगाचं नाही. दोन्हींत साल, महिना, वार कुणी सांगितलेला नाही.

ज्यांनी सांगितला त्यांचं काय झालं? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'पाचव्या राज्याचे लोक' म्हणवून घेणारा एक पंथ होता. दानीएलाची चार राज्यं संपली, आता पाचवं ख्रिस्ताचं, ते आपणच आणायचं, म्हणून 1661 च्या जानेवारीत थॉमस व्हेनर पन्नासएक माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला. फासावर गेला. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस वर्षं म्हणून मोजले. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली. प्रामाणिक माणसं होती ती. काहींनी शेतातलं उभं पीक काढलंच नाही. तेवीस तारीख उजाडली आणि लोक रडले.

सासऱ्यांना आणखी एक शास्त्रभाग वाचायला द्या, यिर्मया 32. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. शहर पडणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, कारण चाळीस वर्षं तोच ते सांगत होता. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथचं शेत घे म्हणतो, आणि यिर्मया ते घेतो. सतरा शेकेल रुपं. तराजू मागवतो, साक्षीदारांसमोर तोलून देतो, खरेदीखतावर मोहर करतो आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. सतरा शेकेल म्हणजे आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आत चांदी. साम्राज्य दारात आलेलं असताना संदेष्ट्याने ती पुढच्या पिढीच्या सातबाऱ्यावर खर्च केली.

एफडी मोडू नका. सासऱ्यांना सेवाकार्याला द्यायचंच असेल तर त्यांच्या पेन्शनमधून देऊ द्या, आणि कुणाला देतोय त्याची पावती घ्या म्हणावं. पोराला कॉलेजात घाला.

प्रश्न : नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये डलहौसीने खालसा केलं. माझे आजोबा म्हणतात, देवानेच इंग्रज आणले, नाहीतर सुवार्ता आपल्यापर्यंत आली नसती. कॉलेजातले मित्र म्हणतात, तुम्ही लोक लुटीला देवाची इच्छा म्हणता. दानीएल 4 मध्ये तर स्पष्ट आहे की मानवांच्या राज्यांवर परात्पराची सत्ता आहे आणि तो ती हवी त्याला देतो. मी कुणाचं खरं मानू?
— इतिहासाचा विद्यार्थी, महाल

उत्तर : पोरा, प्रश्न चांगला विचारलास. मी तो तुझ्या वयात विचारला असता तर माझ्या आजोबांनी कानफटात दिली असती.

तुझे आजोबा आणि तुझे मित्र भांडतायत खरे, पण दोघांच्याही डोक्यात एकच हिशेब आहे, की देवाने ज्याला वापरलं तो देवाला पसंत होता. संदेष्ट्यांचा हिशेब असा नाही. यशयाचा दहावा अध्याय उघड. अश्शूर हे त्या काळचं सगळ्यात निर्दय साम्राज्य. देव त्याला 'माझ्या रागाची काठी' म्हणतो. म्हणजे हातात देवाने धरलेली काठी. पण लगेच सातव्या वचनात येतं, अश्शूरच्या मनात तसं काही नाही. त्याच्या मनात नुसता नाश करायचं आहे. मग त्याची फुशारकी येते. हे मी माझ्या हाताच्या बळाने केलं, लोकांची संपत्ती मी घरट्यातून अंडी उचलावीत तशी उचलली, कुणी पंख हलवला नाही की चूं केलं नाही. आणि त्यावर देव विचारतो, कुऱ्हाड आपल्याला चालवणाऱ्यापुढे मिजास करते काय? काम उरकलं की या मिजासीचाही हिशेब होईल, असं बाराव्या वचनात आधीच सांगून ठेवलं आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. 701 मध्ये यहूदाची गावं लुटली आणि तिथला राजा हिज्कीया याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, असं आपल्या लेखात कोरून ठेवलं. त्यानंतर शंभर वर्षं होत नाहीत तोच निनवे पडलं. साल 612, यावेळी पडताळून लिहिलंय.

ते अंड्यांचं वचन वाचलं की मला आपली बर्डी आठवते. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले 11 डिसेंबर 1853 ला वारले. पोटी मुलगा नाही. राण्यांना दत्तक हवा होता, तो नामंजूर झाला. मग वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावाला निघाले, मातीमोल भावात गेले. जडजवाहीर विकायला कलकत्त्याला रवाना झालं. घरट्यातली अंडी, दुसरं काय! ज्या टेकडीवर 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली, तिच्याच पायथ्याशी ही बोली लागली. तुझ्या मित्रांना सांग, याला लूट म्हणायला बायबलची अजिबात आडकाठी नाही. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचून दाखव त्यांना. रक्तपाताने नगर बांधणाऱ्याला तिथं 'हायहाय' म्हटलं आहे, आणि तो बाबेलला उद्देशून आहे, ज्या बाबेलला देवानेच उठवलं असं पहिल्या अध्यायात लिहिलंय. हबक्कूकलाही हे पचलं नाही. तुझे डोळे पाप बघू शकत नाहीत, मग दुष्ट माणूस आपल्यापेक्षा बऱ्या माणसाला गिळतो तेव्हा तू गप्प का, असं तो थेट देवाला विचारतो. त्याला रागावलं कुणी नाही.

नोकरीतली एक गोष्ट सांगतो. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात आणि त्या शिशावर खात्याचा शिक्का मारतात. इतवारीतल्या एका दुकानात किलोचं वजन हातात घेतलं तर शिक्का झकास. पण हाताला काहीतरी खटकलं. माझ्याजवळच्या प्रमाण वजनाशी लावलं, पंधरा ग्रॅम कमी. भिंग घेऊन पाहिलं तर शिक्क्याच्या कडेला सुईएवढं भोक. आतलं शिसं कोरून काढलेलं आणि तिथं काजळी मिसळलेलं मेण भरलेलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, शिक्का तर तुमच्याच खात्याचा आहे न!" मी म्हटलं, "शिक्का माझाच, म्हणून तर पंचनामाही मीच करतो." उपमा पुरती बसत नाही हे मान्य. अश्शूर पहिल्या दिवसापासूनच खोटं होतं, ते वजन निदान शिक्का मारताना तरी खरं होतं. पण राज्य देवाने दिलं असं म्हणणारा जेव्हा तपासणीला नकार देतो, तेव्हा मला तो दुकानदार आठवतो.

आता आजोबांचा मुद्दा. मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले 1845 मध्ये. तेव्हा गादीवर भोसलेच होते, राज्य खालसा व्हायला नऊ वर्षं अवकाश होता. म्हणजे सुवार्तेला डलहौसीच्या फर्मानाची वाट बघावी लागली नाही. हे सांगताना दुसरी बाजू झाकायची नाही; बर्डीवर इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला होता, कामठीला छावणी होती, आणि गोऱ्या मिशनऱ्याला त्या सावलीचा आसरा होताच. हिस्लॉपांनी इथले दगड गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली, आणि 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळे डलहौसीला सूट द्यावी असं मात्र मला कधी वाटलं नाही.

यिर्मयाचं एक वाक्य पाठ करून ठेव, सत्ताविसावा अध्याय, सहा आणि सात. देव नबुखद्नेस्सराला 'माझा सेवक' म्हणतो. ज्याने देवाचं मंदिर जाळलं त्याला! आणि लगोलग पुढे म्हणतो, त्याच्या देशाचीही वेळ येईपर्यंत. नेमणूक आणि मुदत एकाच दमात. आमच्या खात्याच्या पडताळणीच्या दाखल्यावरही तारीख असते, ती संपली की काटा कितीही महाग असो, वापरता येत नाही. हे बोलताना यिर्मयाच्या मानेवर लाकडाचं जू होतं, रस्त्यातून तो तसा हिंडत होता. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने ते भर मंदिरात मोडलं आणि दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून टाळ्या घेतल्या. म्हणजे सालं सांगणारे तेव्हाही होते.

तू महालातला आहेस, तुला हे तमाशासारखं वाटायचं नाही. तान्ह्या पोळ्याला काळी मारबत, म्हणजे एका बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या राणी बाकाबाईच्या निषेधाची ती, असं जुने लोक सांगतात. "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत लोक राज्यकर्त्यांचे बडगेही (पुतळे) गावाबाहेर नेऊन जाळतात. माझ्या घरी ते बघायला बंदी होती. मी गच्चीवरून बघायचो.

प्रश्न : दानीएल 5 मधला बेलशस्सर राजा खरा होता का? इतिहासाच्या पुस्तकात बाबेलचा शेवटचा राजा नबोनिदस दिला आहे. आणि भिंतीवरच्या त्या चार शब्दांचा अर्थ नीट समजावून सांगा.
— निवृत्त शिक्षिका, मानकापूर

उत्तर : बाई, बेलशस्सर खरा होता. पूर्वी त्याचं नाव दानीएल आणि त्यावरून लिहिलेल्या ग्रंथांखेरीज कुठे मिळत नव्हतं, म्हणून टीकाकार त्याला कल्पित म्हणत. 1854 मध्ये, म्हणजे इकडे आपलं राज्य बुडत होतं त्याच वर्षी, तिकडे इराकात ऊर इथल्या जुन्या मंदिर-मनोऱ्यात नबोनिदसाचे मातीचे लेख सापडले. त्यात तो चंद्रदेवतेजवळ आपल्या थोरल्या मुलासाठी प्रार्थना करतो, आणि मुलाचं नाव बेलशस्सर. पुढच्या शोधांतून कळलं की नबोनिदस कित्येक वर्षं अरबस्तानातल्या तेमा इथं जाऊन राहिला आणि बाबेलचा कारभार या मुलाकडे होता. म्हणून तर तो दानीएलाला राज्यात 'तिसरा' मान देऊ करतो. दुसरा तो स्वतःच होता. नबुखद्नेस्सराला त्याचा बाप म्हटलंय ते पूर्वज किंवा गादीवरचा आधीचा राजा या अर्थाने घ्यावं लागतं. आणि अध्यायाच्या शेवटी येणारा दारयावेश मेदी बाबेलच्या लेखांत कुठं बसत नाही, हेही सांगून ठेवतो. वर्गात कुणी विचारलं तर अडखळू नका.

आता चार शब्द. मने, मने, तकेल, ऊफारसीन. हा माझा अत्यंत लाडका शास्त्रभाग, तेव्हा थोडं लांबलं तर माफ करा. 1886 मध्ये क्लेर्माँ-गानो या फ्रेंच विद्वानाने दाखवून दिलं की ही मुळात वजनांची नावं आहेत. मने म्हणजे मिना, तकेल म्हणजे शेकेल, आणि पेरेस म्हणजे अर्धा मिना. (ऊफारसीन हे त्याचंच अनेकवचन, आधी 'आणि' लावलेलं.) बाबेलात साठ शेकेलांचा एक मिना, आपल्या अर्ध्या किलोच्या जवळपास. त्यांची वजनं दगडाची असत, काही तर चक्क मान मागे वळवून झोपलेल्या बदकाच्या आकाराची. वडिलांच्या तोंडी कायम मण, शेर, छटाक असायचं. 1958 पासून मेट्रिक वजनं येऊ लागली तरी घरात ते मणच म्हणत. त्यामुळे 'मने' ऐकलं की माझ्या कानाला आधी तेच ऐकू येतं.

तर हजार सरदारांसोबत पंगत चाललीय, यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या पात्रांत दारू ओतली जातेय, आणि समईसमोरच्या चुन्याच्या भिंतीवर बोटं उमटतात ती काय लिहितात? मण, मण, शेर, आणि अर्धे मण. बाजारातली मापाऱ्याची हाळी! राजाचे ज्योतिषी का गोंधळले असतील ते मला नेमकं कळतं. शब्द येत असतील त्यांना, पण राजवाड्याच्या भिंतीवर हे का? दानीएल त्या नावांतली क्रियापदं काढून दाखवतो. मोजलं, तुझ्या राज्याचे दिवस मोजून संपवले. तोललं, तू तराजूत उणा भरलास. वाटलं, तुझं राज्य मेद आणि पारस यांना दिलं. आणि पेरेसमध्ये पारसही ऐकू येतं. त्याच रात्री बेलशस्सर मारला गेला. इ.स.पू. 539 चा ऑक्टोबर.

बाई, तुम्ही शिक्षिका होतात म्हणून एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. उणा भरलास असं म्हटलंय, पण कशाच्या तुलनेत ते तिथं लिहिलेलं नाही. बावीस-तेविसावं वचन बघा. नबुखद्नेस्सर गर्वाने वेडा होऊन गुरासारखं गवत खात हिंडला आणि मग शुद्धीवर आला, ही सगळी हकीकत तुला ठाऊक असूनही तू नम्र झाला नाहीस, असं दानीएल त्याला सुनावतो. म्हणजे आरोप अज्ञानाचा नाही. धडा घरात झालेला होता, पोराने लक्ष दिलं नव्हतं.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. शेजारच्या घरी तुमचं मासिक येतं, ते वाचतो. एक शंका आहे. इस्राएलच्या देवाने बाबेल, पारस, ग्रीस यांच्या राज्यात कशाला पडावं? त्यांना त्यांचे देव होते की.
— एक वाचक, धंतोली

उत्तर : भाऊ, तुमच्यासारखा प्रश्न खुद्द इस्राएली लोकांना पडायला हवा होता. त्यांना वाटायचं देव आपला, म्हणजे फक्त आपला. आमोस नावाच्या गुराख्याने त्यांचा तो समज एका वाक्यात काढला. तुम्हाला मिसरातून (इजिप्तमधून) आणलं खरं, पण पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अरामी लोकांना कीर इथून मीच आणलं की नाही, असं देव नवव्या अध्यायात विचारतो. हे दोघं इस्राएलचे हाडवैरी. शेजाऱ्याच्या घरी तुमच्यासारखाच पगार पोचवणारा मालक निघाला तर कसं वाटेल, तसं वाटलं असेल ऐकणाऱ्यांना.

पारसाच्या कोरेश (सायरस) राजाची गंमत तर बघण्यासारखी आहे. 1879 मध्ये बाबेलच्या ढिगाऱ्यात होर्मूझ्द रस्साम यांना मातीचं एक नळकांडं मिळालं. आता ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर लिहिलंय की बाबेलच्या मर्दुक देवाने सगळे देश धुंडाळले, कोरेशाचा हात धरला आणि त्याला बाबेलात आणलं. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, कोरेशाचा उजवा हात मी धरलाय. त्याला तो 'अभिषिक्त' म्हणतो. ज्या शब्दाचं पुढे 'मशीहा' झालं, तोच शब्द. आणि दोनदा सांगतो, तू मला ओळखत नव्हतास. म्हणजे कोरेश मर्दुकाचे आभार मानणार हे यशयाच्या पुस्तकाला मंजूर आहे. त्याला भजायला लावल्याशिवाय त्याच्या हातून कैदी घरी पाठवले गेले. तुमच्या-माझ्यातला मतभेद इथं मिटत नाही, हे मी जाणून आहे. मर्दुकाने धरलेला तो हात खरा कुणाचा, यावर आपण दोघं वेगवेगळं बोलणार.

त्याच पुस्तकात चाळिसाव्या अध्यायात पंधरावं वचन आहे. राष्ट्रं म्हणजे बादलीतून गळणारा थेंब, तराजूतली धूळ. सराफ्यात कधी दागिना तोलताना बघा. सराफ पारड्यावर हलकी फुंकर मारतो, मग तोळा-मासा बघतो. फुंकर न मारताच तोललं तरी गिऱ्हाइकाच्या पैशात फरक पडत नाही, इतकी ती धूळ हलकी. माझ्याजवळच्या काट्यावरसुद्धा ती कधी नोंदली गेली नाही. यशयाने बाबेलला, अश्शूरला, सगळ्यांना त्या फुंकरीत बसवलं. तरीसुद्धा हा देव त्या धुळीतल्या एका राजाचा उजवा हात धरतो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

वर्ग रविवारी उपासनेनंतर असतो. ख्रिस्ती असायची अट नाही, प्रश्न विचारायची आहे. पुढच्या रविवारी दानीएल 6 आहे, सिंहांची गुहा. पोरंही येतील, तेव्हा जरा गोंगाट होईल.